सापाचा उतारा आणि सापाचे इंजेक्शन



फड तोडत तोडत टोळी शेवटच्या चार सऱ्यांवर आली की मुकादम ओरडून सांगतो, "आता बघून हात घाला रे." उभ्या उसातले उंदीर मागे सरकत सरकत त्या शेवटच्या पट्ट्यात गोळा झालेले असतात, आणि उंदराच्या मागे जो यायचा तोही आलेला असतो. रात्रीच्या विजेवर दारे धरणाऱ्या शेतकऱ्यालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. एका हातात खोरे, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि बांधावरचे गवत हलले की काळजात धस्स होते.

साप चावू नये म्हणून काय करावे, याची माहिती आपण अनेकदा वाचतो. आज आम्हांला लिहावयाचे आहे ते साप चावल्यानंतरच्या पहिल्या तासाविषयी. हा तास कोठे जातो? आपल्या भागात तो बहुतेक वेळा कोणाच्या तरी ओट्यावर जातो. सापाचा उतारा देणारा, विष उतरवणारा एक तरी जाणता माणूस जवळपास प्रत्येक गावात आहे. कोणी त्याला मांत्रिक म्हणते, कोणी देवऋषी, आदिवासी भागात भगत म्हणतात. माणसाला गाडीत घालायचे, मारुतीच्या देवळापाशी न्यायचे आणि त्या जाणत्याला हाक मारायची, ही आपली जुनी रीत आहे. "अंधश्रद्धा सोडा, दवाखान्यात चला" असे दोन ओळींत लिहून मोकळे होणे आम्हांला सोपे होते. पण तेवढे छापल्याने रात्री दोन वाजता कोणी ओट्यावर जायचा थांबत नाही, हा आमचा अनुभव आहे.

थांबत का नाही, याचे कारण प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. ओट्यावर नेलेली बरीच माणसे खरोखरच बरी होऊन घरी येतात! भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत, त्यांतल्या सुमारे ६० विषारी. शेतात, घरात चावणारे पुष्कळ साप धामण, दिवड, कवड्या, तस्कर असे बिनविषारी असतात. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही, नुसते दात लागून राहतात. अशा माणसाला अंगारा लावा, कडुनिंब चारा की काहीच करू नका, तो सकाळी उठून चहा पिणारच. गावाच्या लक्षात तेवढेच राहते, आणि जो जात नाही त्याला 'उशीर झाला', 'काळ आला होता' असे म्हटले जाते. म्हणजे त्या जाणत्या माणसाच्या मनात लबाडी असतेच असे नाही. त्याने डोळ्यांनी माणसे बरी झालेली पाहिलेली असतात.

आता विष भिनते तेव्हा काय होते ते पाहू. आपल्याकडे जीव घेणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर जाते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोबडी वळते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर जाते. रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते. घोणशीने मूत्रपिंडे निकामी होतात व माणूस जगला तरी कित्येक दिवस यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. फुरसे कोकणात आणि कोरड्या माळावर जास्त. घोणस मात्र आपल्या उसाच्या पट्ट्यात भरपूर, आणि थंडीत, म्हणजे ऐन गळीत हंगामात, ती उन्हाला येऊन पाचटात पडलेली असते.

या चौघांत मण्यार सर्वांत फसवी. ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि चावली तरी धड सूजही येत नाही, खूणही सापडत नाही. माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो. तोडणी मजुरांच्या कोप्यांत सगळे जमिनीवरच निजतात, हे आपणांस ठाऊक आहे.

आमच्या ओळखीचे एक जाणते गृहस्थ आहेत. वय सत्तरीच्या पुढे, नाव छापू नका म्हणाले, तेव्हा आपण त्यांना तात्या म्हणू. त्यांच्या वडिलांपासून घरात सापाचा उतारा देतात, पैसे घेत नाहीत, नारळ आणला तर देवापुढे फोडतात. काही हंगामांमागे गाडीतळावरच्या एका कोपीतले नऊ वर्षांचे पोर पहाटे तीन वाजता पोट धरून उठले. आईबापांना वाटले, शिळे खाल्ले असेल. उजाडायला त्याला तात्यांकडे आणले. अंगावर खूण नाही. तात्यांनी अंगारा लावला, नजर लागली असेल म्हणाले आणि बसवून ठेवले. आठच्या सुमारास पोराला डोळे उघडता येईनात. जीप येईतो उशीर झाला. "ते पोर माझ्या ओट्यावर गेलं," एवढेच तात्या सांगतात आणि पुढे बोलत नाहीत.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तात्या आपल्या पायांनी प्राथमिक आरोग्य केंद्रावर गेले आणि बाहेरच्या बाकावर तासभर बसून राहिले. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण. त्यांनी आत बोलावले. झापले असते तर म्हातारा उठून गेला असता आणि पुन्हा आला नसता. बाईंनी विचारले, "तात्या, माणूस आणला की तुम्ही आधी काय बघता?" तात्यांनी सांगितले : कडुनिंबाचा पाला चावायला देतो. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलंय. बाईंनी हसण्यावारी नेले नाही. त्या म्हणाल्या, "ज्याला गिळता येत नाही त्याच्या घशात पाला अडकला तर तो पाल्यानंच मरेल. त्यापेक्षा त्याला वर आढ्याकडं बघायला सांगा. पापणी वर जात नसेल तर विष नसांत गेलंय." खरे पाहिले तर ही तपासणी तात्यांच्याच जातीची : यंत्र नाही, रक्त नाही, नुसते बघणे. म्हाताऱ्याला ती लगेच पटली.

त्या दिवशी दोघांचे जे ठरले तेच आमच्या मते या लेखातले सर्वांत महत्त्वाचे. तात्यांनी ओटा बंद करायचा नाही. लोक येणार, येऊ द्यावेत. देवाचे नाव घ्यावे, अंगाऱ्याचे बोट कपाळाला लावावे, पण ते सगळे गाडी दारात लागेपर्यंत. गाडी आली की मंत्र अर्धा राहिला तरी चालेल. आणि त्या चार मिनिटांत तात्यांनी करावयाची कामे अशी : चावलेल्या हातातील अंगठी, बांगड्या, कडे, पायातील जोडवी काढून टाकायची, कारण सूज आली की ती रुततात. हात किंवा पाय हलू नये म्हणून मोडलेल्या हाडाला बांधतात तशी कामटी किंवा फळी सैल पट्टीने बांधायची. माणसाला चालवायचे नाही. आणि त्याला धीर द्यायचा. हे शेवटचे काम डॉक्टरांपेक्षा तात्या चांगले करतात, असे बाई स्वतःच म्हणतात. घाबरलेला माणूस धडपडतो, पळतो, आणि जितके अंग हलते तितके विष लवकर पसरते. त्या हाताचा धाक आणि विश्वास चाळीस गावांत आहे. तो माणूस 'आता जा दवाखान्यात' म्हणाला की आजीसुद्धा अडवत नाही.

सोडून द्यायची कामेही ठरली. ब्लेडने चिरणे बंद, कारण घोणशीच्या विषाने आधीच रक्त थांबत नाही. तोंडाने ओढणे बंद. कोंबडीची पिले लावणे बंद, त्यात पिलेही जातात आणि वेळही. दोरी करकचून आवळणे तर बंदच. त्याने विष थांबत नाही, उलट पुढचा हात-पाय कुजतो. मात्र कोणी आधीच आवळून आणले असेल तर ती दोरी रस्त्यात सोडू नये. अडलेले विष एकदम अंगात जाते, म्हणून डॉक्टरांच्या समोरच सोडावी. सापाला मारून पिशवीत घालून आणण्याच्या नादात दुसऱ्याला चावा बसतो, तेही नको. आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांवर एकच आहे, साप ओळखू आला नाही म्हणून उपचार अडत नाही.

या प्रतिविषासंबंधी थोडे सांगितले पाहिजे, कारण लोक त्याला 'सापाचे इंजेक्शन' म्हणतात, पण ते काय आहे हे ठाऊक नसते. सापाचे विष काढून ते घोड्याला अगदी थोडे थोडे, सोसेल एवढे टोचतात. घोड्याचे रक्त त्या विषाशी लढणारे द्रव्य तयार करते. तेच रक्तातून वेगळे काढून शुद्ध करतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामात जुने आहे. मोठ्या माणसाला जेवढे प्रतिविष लागते तेवढेच लहान मुलालाही द्यावे लागते, कारण सापाने पोर लहान म्हणून विष कमी सोडलेले नसते! आणि लवकर द्यायचे कारण असे की मण्यारीचे विष एकदा नसांच्या टोकाला चिकटले की प्रतिविष ते सोडवू शकत नाही. मग नस आपोआप सुधारेपर्यंत श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागते.

पण घोड्याला टोचायला विष आणायचे कोठून? इथे एक गोष्ट सहकारी चळवळीतल्या माणसांना विशेष सांगण्यासारखी आहे. तामिळनाडूत इरुला नावाची आदिवासी जमात आहे. साप धरणे आणि झाडपाल्याची औषधे ही त्यांची पिढीजात विद्या. पूर्वी त्यांची गुजराण सापाची कातडी विकण्यावर होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, कातड्यांचा धंदा बंद झाला आणि हे लोक उघड्यावर पडले. तेव्हा सापांचे अभ्यासक रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुलांची सहकारी संस्था निघाली. सभासद साप धरून आणतात, संस्था तो मडक्यात कापड बांधून ठेवते, काही वेळा विष काढते, पोटाच्या खवल्यावर खूण करते आणि तीन-चार आठवड्यांनी परत रानात सोडते. देशात प्रतिविष करायला लागणाऱ्या विषाचा फार मोठा भाग या संस्थेने पुरविला आहे. या जमातीतील वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपण ऊस घालतो, ते विष घालतात, एवढाच फरक. (दक्षिणेतल्या सापांच्या विषापासून केलेले प्रतिविष इतर भागांतल्या सापांवर काही वेळा कमी पडते, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे. त्यावर काम चालू आहे.)

त्याच १९७८ साली त्या वेळच्या सोव्हिएत संघातल्या कझाकस्तान प्रजासत्ताकात अल्मा-आटा येथे जगभरच्या देशांची आरोग्य परिषद भरली होती. तिच्या जाहीरनाम्यात डॉक्टर, परिचारिका, सुइणी यांच्या बरोबरीने, गरज असेल तेथे पारंपरिक उपचार करणाऱ्यांनाही योग्य शिक्षण देऊन सोबत घ्यावे, असे म्हटले आहे. आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण म्हणजे सुईण. विळ्याने नाळ कापली की बाळाला धनुर्वात व्हायचा. सुइणीला दोष देण्यापेक्षा तिला उकळलेले ब्लेड, स्वच्छ दोरा आणि धुतलेले हात यांचे महत्त्व शिकविले गेले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या बायांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. पुढे लशी आणि दवाखान्यातील बाळंतपणे वाढली आणि २०१५ साली आपला देश आई व नवजात बाळाच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

सगळीकडे इतके सरळ झाले असे मात्र नाही. मेळघाटात कोरकू लोकांचा भुमका असतो. तान्ह्या मुलाचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाने पोटाला डागण्या देतात, त्याला डम्मा म्हणतात. आरोग्य खात्याने भुमकांना बोलावून बैठका घेतल्या, रुग्ण दवाखान्यात आणणाऱ्या भुमकाला मानधन देण्याचीही सोय केली. काही भुमका आजारी मुलांना घेऊन येऊ लागले. तरी २०२५ सालीसुद्धा तिथे एका तान्ह्या बाळाला डम्मा दिल्याचे वर्तमानपत्रांतून आलेच. नुसत्या पैशाने हे काम होत नाही, आणि एका बैठकीत तर नाहीच.

कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा धरला आहे. 'रोखून' हा शब्द नीट वाचावा. जो अडवतो, तो या कलमात सापडतो. जो स्वतः गाडी बोलावून पाठवतो, त्याला या कलमाची भीती नको. बरेच जाणते लोक या कायद्याच्या भीतीने डॉक्टरांपासून लांब राहतात, रात्री चोरून उतारा देतात. त्यांना हा फरक समजावून सांगितला पाहिजे.

आता दवाखान्याच्या बाजूबद्दल. तात्या एकदा आमच्यासमोरच बाईंना म्हणाले, "मी पाठवतो तुमच्याकडं, तुम्ही पाठवता तालुक्याला, तालुका पाठवतो जिल्ह्याला. मग लोक म्हणतात, तात्या, तुमच्याकडंच बसलो असतो तर बरं." याला उत्तर देणे कठीण आहे. कोठे प्रतिविषाच्या कुप्या संपलेल्या असतात, कोठे डॉक्टर मुक्कामाला नसतात. आणखी एक कारण असे की प्रतिविषाने काही जणांच्या अंगावर पित्त उठते, दम लागतो, रक्तदाब उतरतो, म्हणून नवखे डॉक्टर पहिला डोस द्यायलाच बिचकतात आणि तसेच पुढे पाठवतात. त्यावर इलाज ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी तयार ठेवण्याचा आहे, रोग्याला न टोचता मोटारीत घालण्याचा नाही. रक्त बिघडले की नाही हे बघायला मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे. तिरकी केल्यावर पातळच वाहिले तर विष रक्तात गेले. हे लहान केंद्रातही होते. जाणत्याने ओटा सोडायचा आणि केंद्राने कुलूप लावायचे, अशी भागीदारी चालणार नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव आपण ऐकले असेल. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या लाल विंचवाने माणसे पटापट मरत, तेव्हा त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून पाहिले की विष हृदयावर जाते, आणि रक्तदाबाच्या प्रॅझोसिन नावाच्या साध्या गोळीने माणसे वाचू लागली. मग लोक वेळेत येऊ लागले. आमच्या मते भाषणापेक्षा हे जास्त समजणारे आहे : माणूस घरी परत आलेला दिसला की रस्ता बदलतो.

रस्त्याचेच एक उदाहरण नेपाळच्या तराईतले. तिथे दमक भागात गावागावांतल्या मोटारसायकलवाल्यांना तयार केले. साप चावला की रोग्याला मध्ये बसवायचे, मागे एकाने धरायचे आणि थेट उपचार केंद्रावर. आधी शंभरात दहा माणसे दगावत होती, ती संख्या एकाच्याही खाली आली. आपल्याकडे १०८ ची गाडी आहे, पण फडापर्यंत ती येईतो वाट पाहण्यापेक्षा मोटारसायकल बरी, असे कित्येकदा असते.

हे सगळे लहान प्रकरण समजू नये. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याआधीच्या एका मोठ्या पाहणीत तर असे दिसले होते की चारांतले तीन मृत्यू दवाखान्याबाहेर झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे त्यात ठरले आहे. ते दिल्लीत ठरले. माणूस मात्र आपल्या बांधावरून ओट्यावर जाणार आहे.

तात्यांनी बाईंना एकच अट घातली होती. "मी पाठवलेला माणूस जगला का मेला, ते मला संध्याकाळपर्यंत कळलं पाहिजे." बाईंनी ती पाळली आहे. आशाताई निरोप घेऊन जातात. मागच्या हंगामात तात्यांनी एका तोडणीवाल्याला पाठवले. त्याला चावलेला साप कवड्या निघाला, बिनविषारी. मण्यारीसारखाच पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो म्हणून घोटाळा होतो. तरी चोवीस तास देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी सोडले. पारावर कोणी तरी चिडवले, "तात्या, उगाच पोराची हजेरी बुडवली की." तात्या म्हणाले, "बुडू दे."

आपल्या कार्यक्षेत्रात तात्यांसारखे आणखी बरेच जाणते आहेत. त्यांतले दोघे बाईंना भेटायला तयार झाले आहेत, एकाने साफ नाही म्हटले. गट ऑफिस आणि गाडीतळ या ठिकाणी जवळच्या केंद्राचा फोन आणि प्रतिविषाच्या कुप्या आज शिल्लक आहेत की नाहीत, हे लिहिण्यासाठी फळा लावावा, अशी सूचना आम्ही शेतकी विभागाकडे दिली आहे. फळ्यावरचा आकडा रोज सकाळी कोणी लिहायचा, हे अद्याप ठरावयाचे आहे.